रिकामा दोर

१४ मे

माझ्या लेकीने, वैभवीने ही डायरी आणून दिली. बोईसरच्या बाजारात तिच्याकडून कायम मासळी घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तिला दिली होती. औषधाच्या कंपनीची, गेल्या वर्षीची, अगदी कोरी. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. मी म्हटलं, माझंही हल्ली तसंच झालंय, चालून जाईल.

लिहायचं कारण म्हणजे आमच्या नवापुरात बचाव गट निघाला आणि मला त्याचा प्रमुख केलं. खाडीत, किनाऱ्यावर नाहीतर पुरात कोणी अडकलं की तालुक्याहून आम्हाला फोन येणार. गटात माझा जावई हितेश आहे, त्याचा दोस्त मेहुल आहे आणि आणखी चार-पाच पोरं. शिकवायला सपना मॅडम येतात. तिशीची पोर, डोंगराकडच्या नदीकाठची. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, जे जे कराल ते लिहून ठेवत जा.

त्यांचा पहिला धडा असा की आधी स्वतःला सांभाळायचं, मग जोडीदाराला आणि मग बुडणाऱ्याला. मला हसू आलं. आमच्याकडे बुडणाऱ्याला रांगेत उभं करत नाहीत. पण पाहुण्या बाईला तोंडावर काय बोलायचं, म्हणून मान डोलावली. हितेश मात्र शाळेतल्यासारखा पुढे बसून ऐकत होता.

१९ मे

आज जॅकेटं आली. आम्हाला दोन आणि उमरोळीच्या नव्या गटाला दोन. नारिंगी, जाड, पाण्यात तरंगणारी. छातीवरून एक रुंद पट्टा फिरतो, पाठीवर त्याला कडी असते, कडीत दोर बांधायचा. पुढे बक्कल आहे आणि बक्कलाला एक लाल गोळा. गोळा ओढला की बक्कल उघडतं, पट्टा निसटतो आणि माणूस दोरापासून मोकळा होतो.

मी विचारलं, मॅडम, माणूस दोरातून सुटावा म्हणून कोणी दोर बांधतं का? त्या म्हणाल्या, तात्या, समुद्र नेतो तसा परत आणतो, नदी फक्त ढकलते. वाहत्या पाण्यात माणूस दोराला अडकून राहिला तर पाणी त्याच्या पाठीवर चढतं आणि डोकं खाली दाबतं. काठावरून जितकं ओढाल तितका तो खाली जातो. अशा वेळी त्याने गोळा ओढायचा, वाहत जायचं. खाली दुसरा माणूस त्याला धरायला उभा असतो.

ऐकायला ठीक आहे. पण जन्म गेला माझा तांडेलकी करण्यात. होडीवर माझा शब्द शेवटचा असायचा आणि माझी पहिली शिकवण हीच, की दोर सोडायचा नाही. आमच्या वस्तीत ज्या दोराच्या टोकाचा माणूस गेला आणि दोर रिकामा वर आला, तो दोर घरात आणत नाहीत. समुद्रालाच देऊन टाकतात. लहानपणी एकदा पाहिलंय मी. बायका दारं लावून घेत होत्या.

२ जून

मासेमारी बंद, मोठ्या होड्या वर ओढल्या. आज खाडीवर सराव. ओहोटी जोरात होती. हितेश जॅकेट घालून पाण्यात, दोर माझ्या हातात. होडीच्या कडेला घासला तसा त्याचा तो लाल गोळा कशात तरी अडकला आणि पट्टा सुटला. माझ्या हातात दोर एकदम हलका झाला.

रिकामा दोर आला. टोकाला पट्टा आणि कडी, बाकी काही नाही.

हितेश ओहोटीबरोबर चालला होता. मेहुलने होडी घालून त्याला पुढे धरला. पाच-दहा मिनिटांचा खेळ, पण तेवढ्यात मी त्याला दहा हाका मारल्या. हितेश मात्र खिदळत वर आला. म्हणाला, "तात्या, ते सुटायलाच पायजे. मी काय बुडालो नाय, जॅकेट हाय ना." मी त्याला फार बोललो. पोरांसमोर बोललो. त्याने ऐकून घेतलं, मग माझ्या खांद्यावरून दोर काढून स्वतः गुंडाळायला घेतला. जावई चांगला मिळालाय, फक्त घाबरत नाही.

वैभवीला काही सांगितलं नाही. लग्नाला अजून वर्षही झालं नाही.

३ जून

सकाळी पडवीत बसून दोन्ही जॅकेटं सांधली. पाठीमागे कडीजवळ, अस्तराच्या आतून, पट्टा जॅकेटला शिवून टाकला. जाळ्याचं नायलॉनचं सूत, जाळं सांधायची सुई, आणि माझा टाका. या टाक्याला पाणी लागलं की तो आणखी आवळतो. शार्कने ओढला तरी उसवायचा नाही. आता गोळा ओढा की बक्कल उघडा, पट्टा जागचा हलत नाही. बाहेरून काही दिसतही नाही.

हितेशला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर वाद घातला असता. मॅडमच्या शाळेतला हुशार विद्यार्थी ना तो.

२१ जून

उमरोळीची पोरं जॅकेटं घेऊन सराव बघायला आली होती; हल्ली सराव नुसता काठावरून दोर फेकायचा. त्यांचीही जॅकेटं शिवून दिली. पोरं खूश झाली. त्यांचा एक जण म्हणाला, तात्या, कंपनीवाल्यांना तुमच्याकडे शिकायला पाठवलं पाहिजे. मी म्हटलं, कंपनीवाले समुद्रावर आले तर उलट्या करतात, शिकतील काय.

रात्रीपासून पाऊस धरलाय. गुडघा दुखतो.

६ जुलै

डायरीत शनिवार छापलाय, आज रविवार. हितेश गेला.

१० जुलै

लिहितो. मॅडमनी लिहायला सांगितलं होतं आणि दुसरं काही सुचत नाही.

रविवारी दुपारी तालुक्याहून फोन आला. सूर्या नदीच्या जुन्या बंधाऱ्यापाशी सरावलीच्या चाळीतले दोन कामगार खडकावर अडकलेत. सुट्टी म्हणून गेले होते. घाटाकडे पाऊस झाला आणि बघता बघता पाणी वाढलं. आम्ही टेम्पो करून पोहोचलो तेव्हा नुसता लाल लोंढा. सपना मॅडम डहाणूकडच्या पुरात होत्या. फोनवर म्हणाल्या, आधी दोर फेकून बघा, बांबू पुढे करा, पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, आणि खाली माणूस उभा करा. दोर फेकून झाला, पोहोचत नव्हता. मेहुलला खाली उभा केला. मग हितेश उतरला. दोर माझ्या हातात, मागे दोन पोरं.

पहिल्या कामगाराला त्याने आणला. सहज आणला. आम्ही ओढत गेलो, तो येत गेला. हितेशने मान झटकून केसांतलं पाणी काढलं आणि मला म्हणाला, "तात्या, दुसऱ्याला घेऊन येतो, मग चहा पायजे." एवढंच बोलला.

दुसरा होता चंद्रभान म्हणून. हितेशने त्याला खडकावरून घेतलं, तेवढ्यात मोठा लोट आला आणि दोघांना बंधाऱ्याच्या पडक्या खांबांकडे घेऊन गेला. खांबांच्या मधून पाणी घुसतं तिथे दोर ताठ झाला. चंद्रभान हितेशच्या हातातून सुटला आणि वाहत गेला. त्याला मेहुलने खाली झुडपात धरला, तो जगला. हितेश दोराला होता. पाणी त्याच्या अंगावरून चाललं होतं. मी ओढलं. सगळ्यांनी ओढलं. एकदा त्याचा हात वर आला. होडीवर हात वर म्हणजे ओढा. आम्ही आणखी जोर लावला. मग त्याचे दोन्ही हात छातीशी गेलेले दिसले. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय.

दोर मी सोडला नाही. तळहाताची सालं निघाली, तरी सोडला नाही. काठावरचे गाववाले पण दोराला लागले. लोट ओसरला तेव्हा तो एकदम हलका होऊन आमच्याकडे आला.

त्याच्या मुठीत तो लाल गोळा होता, उपटून आलेला. मूठ उघडायला वेळ लागला.

१३ जुलै

लोक येतात, बसतात. सगळे एकच म्हणतात, तात्याने दोर सोडला नाही, पोर हाताशी तरी लागला, नाहीतर पाण्याने कुठे नेला असता. माझ्या हातांवरच्या पट्ट्या बघतात. मलाही तेवढाच धीर वाटतो. रिकामा दोर घरी आणायची वेळ माझ्यावर आली नाही.

राग येतो तो त्या जॅकेटवाल्यांचा. गोळा तुटून हातात आला म्हणजे काय माल असेल. जॅकेट पडवीत खुंटीला टांगलंय. मॅडम म्हणाल्या, धुऊ नका, मी न्यायला येईन. आज मी ते उलटं करून बघितलं. बक्कल उघडलेलं, गोळा तुटलेला. माझा टाका मात्र एकही उसवला नव्हता.

वैभवी सध्या इथेच आहे. रडत नाही. तिने रडावं असं मला फार वाटतं.

२० जुलै

चंद्रभान आला होता. केळी घेऊन आला आणि दाराबाहेरच उभा राहिला, आत यायला तयार होईना. वैभवीने त्याला हाताला धरून आत बसवला. पोरगं बावीस-तेवीसचं असेल. त्याची मान काही वर होईना.

वैभवीने त्याला सगळं विचारलं. हितेशने काय केलं, काय बोलला. मी म्हणत होतो राहू दे, पण तिने ऐकलं नाही. तो म्हणाला, "भाभी, मैं छूटा तब उनको देखा. वो छाती पे कुछ खींच रहे थे. दोनों हाथ से. बहुत जोर से खींच रहे थे."

मी म्हटलं, तोच गोळा. बघ, तकलादू माल.

तो गेल्यावर वैभवी पडवीत गेली. जॅकेट खुंटीवरून काढून तिने मांडीवर घेतलं. पाठीमागचं अस्तर चाचपलं. मग हाक मारून म्हणाली, "बाबा, ही मागची शिवण तुमची हाय?"

मी हो म्हटलं. तिला माझा टाका न ओळखता येऊन कसं चालेल, तिच्या आईच्या मागे मीच तिला जाळं सांधायला शिकवलं. तिने विचारलं, "हितेशला म्हायती होतं?"

मी म्हटलं, सांगायचं राहिलं.

तिने जॅकेट परत खुंटीला लावलं. जेवली नाही. दमली असेल, दिवसभर माणसांची ये-जा.

२४ जुलै

सपना मॅडम आल्या, सोबत तालुक्याचे एक साहेब. हितेशच्या फोटोपुढे मॅडम बराच वेळ बसल्या. मग जॅकेट मागितलं. वैभवीने आणून दिलं.

मॅडमनी उघडं बक्कल तपासलं, तुटका गोळा तपासला आणि पट्ट्याचं टोक धरून ओढलं. हातातून ताजा मासा निसटावा तसा पट्टा सरसर निघून आला. मी बघतच राहिलो. माझे टाके नव्हते.

मॅडम साहेबांना म्हणाल्या, "गोळा हातात आला म्हणजे त्याने बक्कल उघडलं होतं. तो बरोबर वागला. मग पट्टा का नाही निसटला?" साहेब म्हणाले, कचरा अडकला असेल. मॅडमचं समाधान झालं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होतो की पट्टा शिवलेला होता, टाके कोणीतरी काढलेत. तोंड उघडलं तेवढ्यात वैभवी म्हणाली, "पाण्यात काय झालं ते पाण्यालाच म्हायती, मॅडम. बाबांना आता काय विचारू नका. त्यांना झोप नाय."

साहेबांनी कारण अज्ञात असं लिहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

पट्टा निसटू नये म्हणून मी टाके घातले होते. पट्टा निसटला नाही.

२५ जुलै

काल ते वाक्य लिहिलं आणि पुढे पेन चालेना.

सकाळी पडवी झाडताना तेच सूत सापडलं. सुपाखाली, निळं, अखंड. कात्रीने कापलेलं नव्हतं. एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून उलट्या वाटेने सोडवलेला. आवळलेला तो टाका असा सोडवता येणारी या वस्तीत दोनच माणसं आहेत. एक मी.

हितेशने बक्कल उघडलं. मॅडमनी शिकवलं तसं, वेळेवर उघडलं. मग सुटायची वाट बघितली असेल. सुटेना तेव्हा आणखी जोराने ओढलं असेल. आणि वर मी ओढत होतो. हात वर केला तो ओढा म्हणून नव्हता, सोडा म्हणून होता.

मी माझा जावई बुडवला. लिहिलं.

२६ जुलै

सूत वैभवीपुढे ठेवलं. ती सुके बोंबील निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

मी विचारलं, का काढलेस? चौकशी होऊ दे माझी, व्हायलाच पाहिजे.

ती म्हणाली, "माझा एक गेला. तुमाला पण त्या लोकांच्या हातात देऊ? मग मी कोणाकडं बघू?" तिने आणखी दोन बोंबील निवडले. मग म्हणाली, "मी तुमाला माफ नाय केलं, बाबा. ते येगळं हाय. कदाचित करणार पण नाय. पण तुमी घरात पायजे."

मला वाटलं, हिने ओरडावं, टोपली फेकून मारावी. त्यापेक्षा ते सोपं गेलं असतं. मी तिच्या समोर बसून बोंबील निवडायला लागलो. तिने उठवलं नाही.

दुपारी गटातलं दुसरं जॅकेट आठवलं. तिला सांगितलं, तर म्हणाली ते पण उसवलं मी, त्याच दिवशी. मेहुलला काही बोलली नाही, गुपचूप जागेवर ठेवलं.

तेव्हा मला उमरोळीची आठवण झाली. त्यांचीही दोन जॅकेटं मीच शिवली होती.

तिला सांगितलं. या वेळी तिचा हात थांबला. बाहेर पाऊस कोसळत होता. अशा पावसात कधीही फोन जातो. ती पोरं माझे टाके पाठीवर घेऊन उतरतील आणि गोळा ओढतील.

फोन करून नुसतं टाके काढा म्हटलं असतं, तर भागलं असतं. कारण सांगायला नको, नाव लागायला नको. वैभवी तेच म्हणाली, आधी. पण ती पोरं काढणार नाहीत. तात्याचा टाका आहे, तात्याने दोर सोडला नाही, असं सगळ्या किनाऱ्यावर झालंय. का काढायचे ते सांगितल्याशिवाय कोण काढेल? मी काढले नसते.

उमरोळीला फोन केला आणि बजावलं की उद्या मी येईपर्यंत जॅकेटांना हात लावायचा नाही. मग सपना मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. वैभवीचं मात्र सांगितलं नाही. टाके मीच काढले, घाबरलो म्हणून काढले, असं म्हटलं. एवढं एक खोटं माझ्या नावावर असू दे.

टाके नेमके कुठे घातले ते मॅडमनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "जबाब लिहून घ्यावा लागेल, तात्या. पण आधी उमरोळी. मी पण येते."

२७ जुलै

वैभवी बरोबर आली. मी नको म्हटलं नाही. जाळ्याची सुई तिने पदराला खोचली होती. सरावाला लागेल म्हणून आमच्या गटाचा दोर मी घेतला. तोच दोर, दुसरा आमच्याकडे नाही.

उमरोळीची पोरं शाळेच्या ओसरीत जमली होती. मला बघून उभी राहिली, एकाने खुर्ची दिली. मी बसलो नाही. जॅकेट उलटं करून टाके दाखवले आणि म्हटलं, "हे टाके माझे. याच टाक्यांनी हितेश मेला. तो सुटायला बघत होता आणि मी त्याला सुटू दिला नाही." पोरं माझ्याकडे बघत होती, मग जमिनीकडे बघायला लागली. त्यातल्याच एकाने मला कंपनीवाल्यांपेक्षा हुशार म्हटलं होतं. तो ओसरीच्या टोकाला जाऊन पावसाकडे तोंड करून उभा राहिला.

वैभवी खाली बसली आणि उसवायला लागली. माझ्या बोटांना अजून सुई धरवत नाही, नाहीतर मीच बसलो असतो. कात्री आणू का, कोणी विचारलं. ती म्हणाली, "नको, पट्टा कापला जाईल." दोन्ही जॅकेटं तिने एकटीने सोडवली. सुताचे गुंडाळे माझ्या हातात दिले.

मग मॅडम सगळ्यांना गावाजवळच्या ओढ्यावर घेऊन गेल्या. ओढ्याला बरी ओढ होती. खाली दोघं जण धरायला उभे राहिले. ओसरीच्या टोकाला गेलेला तोच पोरगा जॅकेट घालून पाण्यात उतरला. मॅडमनी दोर कोणाच्या हातात द्यावा म्हणून बघितलं. मी पुढे झालो. त्यांनी माझ्या पट्ट्या बघितल्या आणि दिला. वैभवी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

दोर ताठ झाला. पोराच्या पाठीवर पाणी चढलं आणि डोकं खाली जायला लागलं. माझ्या हातांनी आपोआप आवळलं, जुनी खोड. वैभवीने तिचा हात माझ्या हातावर ठेवला. खाली पोराने गोळा ओढला.

माझ्या हातात दोर हलका झाला. टोकाला नुसता पट्टा आणि कडी. पोरगा खाली वळणावर वर आला, त्याला दोघांनी धरला, तो खोकला आणि हसला. मॅडमनी टाळी वाजवली. मी त्या रिकाम्या दोराकडे बघत खाली बसलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं. वैभवीलाही आलं.

तो दोर तिथेच ओढ्यात सोडून द्यावा असं माझ्या मनात होतं. रीतच आहे. पण वैभवीने तो पाण्यातून ओढून घेतला, हितेश गुंडाळायचा तसा कोपरावर गुंडाळला आणि खांद्यावर टाकला. ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन बसली.

रिकामा दोर आमच्याकडे घरात आणत नाहीत. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या, त्यांनी बघितलं आणि आत गेल्या. वैभवी थांबली नाही. मी पुढे होऊन तिच्यासाठी दार धरलं.

उद्या जबाब द्यायला पालघरला जायचंय.